ज्येष्ठाचे ओले ढेकूळ

मी, वच्छला चंद्रभान गावंडे, वय ६८, शिक्षण बी.ए. (अमरावती), राहणार हिवरखेड, तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. या घरात तो मीच घालत आले.

१. घर आणि शेत माझ्या नावावर आहे. दोन्ही मुलगा नितेश याला. दुसरा वारस नाही, एवढेच कारण समजावे.

२. पाटा-वरवंटा, कुरडयांचा सोऱ्या आणि लोणच्याच्या बरण्या सून प्रणाली हिला. बरणीत ओला हात घालू नये. तुरीची डाळ एरंडेल चोळूनच भरावी. मुंगवड्या उन्हातून उचलल्या की आधी गार होऊ द्याव्यात. गरम भरल्यास डब्यात घाम सुटतो. हे सांगून झाले आहे, तरी लिहिते.

३. ज्वारीच्या बियाण्याबद्दल. सासूबाईंकडून आलेले हे बी मी दरवर्षी राखेत कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवीत असे. त्याची भाकर दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे पाण्याची घागर चार ढेकळांवर मांडतात. ढेकळे ज्येष्ठ ते भाद्रपद या महिन्यांची. जे भिजेल त्या महिन्यात पाऊस. ढेकळाला हवामान कळते असे मी मानत नाही. पण संध्याकाळी सर्वांनी मिळून पाहायचे आणि तिथेच पेरणीचे ठरवायचे, ही या घराची रीत. त्या दिवशी कोणी लबाडी करीत नसे.

यंदा कावळ्यांची घरटी बाभळीच्या शेंड्याला होती, म्हणजे पाऊस कमी. मी थांबा म्हणत होते. नितेशला सगळ्यांआधी पेरायची घाई. संध्याकाळी ज्येष्ठाचे ढेकूळ चिंब निघाले. रीतीप्रमाणे मी मडके उघडले व सगळे बी त्याच्या हाती दिले. मृगात पेरले, उगवले, पावसाने ओढ दिली आणि कोवळी ज्वारी जागेवर करपली.

पोळ्याला पुरण वाटता वाटता प्रणाली म्हणाली, "आई, यायनं गडव्यानं पानी टाकलं होतं त्या ढेकळावर."

मी नितेशला विचारले.

"मंग काय करू? माहं कवा आयकलं तू? ढेकळाचंच आयकते."

"अन् बी काहून सारं नेलं?"

"तूच तं देल्लं."

४. शेजारीण सईदा, अब्दुल सत्तार यांच्या पत्नी, यांनी मागल्या वर्षी माझ्याकडून थोडे बी नेऊन परसात पेरले होते. त्यातले हंडीभर त्यांनी राखले आहे. "बाई, आपकाच है, लेके जाव," असे त्या म्हणाल्या. मी घेतले नाही. ते त्यांचेच. नितेशला हवे असल्यास त्याने स्वतः जाऊन मागावे आणि आपले बी कसे गेले हे खरे सांगावे. ते ऐकल्याशिवाय सईदाबाईंनी देऊ नये.

५. पहिल्या अक्षय तृतीयेला पितरांसोबत माझ्याही नावाची घागर भरावी लागेल. ती नितेशने भरावी, खाली आमच्याच शेतातली चार ढेकळे मांडावीत आणि संध्याकाळपर्यंत तिच्यासमोर बसावे. प्रणालीला उशिरा का होईना, तोंड फुटले. गडवा त्या दिवशी तिने कुलपात ठेवावा.

वाचून पाहिले. यात बदल नाही.

हिवरखेड, २० ऑक्टोबर २००५
(सही) वच्छला चंद्रभान गावंडे

आमच्यासमोर सही केली:
१. ओमप्रकाश डोमाजी वानखडे (सही)
२. गोदाबाई पुंडलिक अढाऊ (अंगठा)