बी माळ्यावरच्या डब्यात आहे

पिंपळगाव बसवंत,
७ जुलै

चि. सौ. शुभांगी हिस,

वत्सलाचे अनेक आशीर्वाद. मी इथे सुखरूप पोचले आणि खुशाल आहे. तुम्हीही सगळे खुशाल असाल. यादव भाऊजींचा गुडघा कसा आहे ते कळव. तुमच्या रोहितला म्हणावं, मोटारसायकल जरा बेतानं चालव.

पत्र बघून तुला हसू येईल. पण फोन केला की तू दोन वाक्यं बोलतेस आणि फोन भाऊजींच्या हातात देतेस. त्यांच्याशी मी काय बोलणार? म्हणून हे कारभारीच्या टेम्पोनं पाठवते आहे. तो आपल्या नामपूरचा कांदा घेऊन इकडच्या मार्केटला येतच असतो, निरोपही त्याच्याकडेच देत जा.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी नामपूर सोडून कुठे राहिले नव्हते. या वयात नवं गाव आपलं म्हणायचं म्हणजे नवी चप्पल घातल्यासारखं आहे, चावते पण चालावं लागतं. पल्लवीचं घर लहान आहे, दोन खोल्या आणि मागे थोडी मोकळी जागा. जावईबापू शेखर कोल्ड स्टोरेजच्या मशीनवर आहेत. पल्लवी पॅकहाऊसमध्ये माल तपासते. घरात मला दोघंही हातात चहा देतात. तुला खोटं वाटेल, पण शेखर स्वतः करून देतो, आणि आलं ठेचून घालतो.

इथं पाऊस लागलाय, पण सगळ्यांचे डोळे ऑक्टोबरकडे आहेत. ऑक्टोबरात द्राक्षबागांची छाटणी होते आणि तिथून पुढचं सगळं वर्ष ठरतं. औषधवाला ऑक्टोबर म्हणतो, किराणावाला ऑक्टोबर म्हणतो, भाडं मागणारा घरमालकसुद्धा ऑक्टोबरचं नाव काढतो. मीही परवा म्हणून गेले की मलाही त्याची फार घाई झाली आहे. शेजारच्या सिंधुबाईंनी विचारलं, तुमची कुठं बाग आहे का? म्हटलं, आहे एक, जरा लांब आहे.

आता कामाचं. मी निघताना तू ओट्यावर उभी राहून दोनदा विचारलंस, वहिनी, कांद्याचं बी कुठंय? रिक्षा दारात उभी होती म्हणून नीट सांगता आलं नाही. बी माळ्यावरच्या डब्यात आहे, निळ्या झाकणाच्या. वर कडुलिंबाचा पाला आहे. झाकण सारखं उघडू नका, दमट हवा लागते. दसऱ्याला काढा आणि वाफ्यात टाका.

बाकी काय लिहू? माझी आठवण काढता की नाही, हे विचारत नाही. बियाची काढलीत, तेवढं पुरे.

तुझी जाऊबाई,
वत्सला


पिंपळगाव बसवंत,
२५ सप्टेंबर

चि. सौ. शुभांगीस,

अनेक आशीर्वाद. कारभारीनं तुझा निरोप सांगितला. बी पेरण्याआधी चिमूटभर ओल्या फडक्यात बांधून मोड येतात का बघायचं का, असं विचारलंयस. अगं, मी दरसाल बघायचे ते माझा स्वभाव शंकेखोर म्हणून. तुम्हाला कशाला ती उस्तवार? माझ्या हातचं बी कधी फसलंय का, भाऊजींना विचार. ते तर सगळ्या गावाला 'आमचं बी, आमचं बी' म्हणून सांगत फिरतात. बियासाठी राखलेल्या डोंगळ्यांचे गोंडे उन्हात चोळताना त्यांना मी कधी पाहिलं नाही, पण सांगताना नेहमी पाहिलंय.

ह्यांचं भरणी श्राद्ध झालं, असंही कारभारीकडूनच कळलं. खीर चांगली झाली होती म्हणे. मला बोलावणं नव्हतं, त्याचा राग धरत नाही. लेकीकडे राहायला गेलेली बाई तुमच्या हिशेबात कुठे धरायची, हा तुम्हालाही प्रश्न पडला असेल.

मी इथेच पान वाढलं. पल्लवीनं रजा घेतली होती. वाढताना तिनं मला विचारलं, आई, बाबांनी शेवटी माझं नाव काढलं होतं का? आजवर मी तिला 'हो' एवढंच सांगत आले. त्या दिवशी सगळं सांगितलं. तुलाही सांगते, तू तिथेच होतीस तरी.

मालेगावच्या दवाखान्यात तीन दिवस पल्लवी आली का, याशिवाय ह्यांना दुसरा विषय नव्हता. डोळा उघडला की विचारायचे, "पल्ली उनी का?" शुद्ध बोलणारा माणूस, शेवटी आईच्या अहिराणीवर आला होता. माझा फोन भाऊजींनी डॉक्टरांशी बोलायला म्हणून घेतलेला. मी तुझ्या हातापाया पडले, पोरीला कळव म्हणून. तू फोन कानाला लावून बाहेर गेलीस, आत आलीस आणि म्हणालीस, "वहिनी, तिना फोन लागत नही." असं तू पाच-सहा वेळा केलंस. पदर डोळ्याला लावून केलंस.

मला काय ठाऊक. मी ह्यांना सांगत राहिले की निघालीय, पिंपळगाव सोडलं, मालेगावजवळ आली. जाणारा माणूस माझ्याकडे बघत होता आणि मी त्याला गावं मोजून दाखवत होते.

पल्लवीला कळलं ते रोहितच्या स्टेटसवरून. हार घातलेला फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दहाव्याला नदीवर आली तर भाऊजी चारचौघांत म्हणाले, "ती आमनासाठे तीन वरीस पहिलेच मरी गयी." आपल्या मनानं लग्न केलं, दुसऱ्या समाजात केलं, म्हणून मेली. मी तेव्हा तिच्या हातातला फोन घेऊन बघितला, शुभांगी. त्या तीन दिवसांत बाकी सगळ्यांचे फोन आलेले, तुझा एकही नव्हता. लागलाच नाही असं नव्हतं, तू लावलाच नव्हतास.

मी त्यावर काही बोलले नाही, म्हणून तुम्हाला वाटलं की वहिनी शांत आहेत. मी मे महिन्यात डोंगळे तोडले, वाळवले, मळले, पाखडले. तू शेजारणीला म्हणालीस, दुःख विसरायला काम बरं असतं. मी काहीच विसरले नव्हते.

असो. वाफे उंच करा, पाणी बेतानं द्या, दसरा चुकवू नका. आकाश आता मोकळं होत चाललंय, सकाळी अंगणात गार वाटतं. मला इतके दिवस पावसाळा कधी नकोसा झाला नव्हता.

वत्सला


पिंपळगाव बसवंत,
२४ ऑक्टोबर

शुभांगी,

छाटणी सुरू झाली. पहाटेपासून बागांत कात्र्यांचा आवाज आहे, पेठ-सुरगाण्याकडची माणसं उतरली आहेत, सिंधुबाईंना बोलायला वेळ नाही. मला मात्र भरपूर आहे. ज्याची वाट बघत होते ते कारभारीनं सोमवारी आणून दिलं.

वाफे रिकामेच राहिले म्हणे, एक हिरवी काडी नाही. भाऊजींनी आधी मुंग्यांना दोष दिला, मग पाणी देणाऱ्या गड्याला, मग तुला. तू दोन दिवस जेवली नाहीस. मुंग्यांना उगाच बोल लावू नका, त्या बिचाऱ्यांनी काही केलं नाही. पेरावं तसं उगवतं म्हणतात, पण कांद्याचं बी एक साल जुनं झालं की ते उगवत नाही. दिसायला तेच काळं, तसंच चकचकीत, हातात घेऊन कोणाला ओळखू येणार नाही. निळ्या झाकणाच्या डब्यात गेल्या वर्षीचं होतं. ह्यांच्या दुखण्यामुळे तेव्हा निम्मीच लागवड झाली, उरलेलं मी जपून ठेवलं होतं. का ठेवलं, ते तेव्हा माहीत नव्हतं.

यंदाचं बी माझ्याबरोबर आलं. रिक्षात माझ्या मांडीवर जी पिशवी होती तीच. तू तिला हात लावून म्हणालीस, सांभाळून जा वहिनी.

इथे मागच्या मोकळ्या जागेत मी हातभर वाफ्यात चिमूटभर टाकून बघितलं. सगळं उगवलं. पाती अजून वाकडीच आहे, डोक्यावर बियाची टरफलं घेऊन उभी आहे. रोज सकाळी चहा घेऊन तिथे बसते आणि मला फार बरं वाटतं. तुझ्यापासून काय लपवू.

दुकानचं बी आणाल हे मी धरूनच चालले आहे. खुशाल आणा. त्याचा कांदा साठवणीच्या चाळीत श्रावणालाच सडेल, आणि आपला दिवाळीपर्यंत खणखणीत राहतो, हे भाऊजींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याच कांद्यावर त्यांची गावात मान आहे. माझ्या सासूबाईंनी ते बी त्यांच्या माहेराहून आणलं आणि माझ्या ओटीत घातलं. आपल्या घरात बी बाईच्या ओटीतूनच आलंय, पुरुषाच्या हातून कधी आलेलं नाही. आता ते मी पल्लवीच्या ओटीत घातलं आहे. तेव्हा माझ्याकडे मागू नकोस, माझ्याकडे ते नाहीच.

तिला मी हे सगळं परवा सांगितलं. संध्याकाळी म्हणाली, "आई, देऊन टाक त्यांना. बाबाच नाहीत, आता मी त्या घरात कोणाला भेटायला जाऊ?" पोर भली आहे, बापावर गेली आहे. मी नाही तेवढी भली.

मला काय हवंय ते नीट वाच आणि भाऊजींना वाचून दाखव.

दिवाळी आठवड्यावर आली. लेकीला माहेरी न्यायला मुराळी जातो. लग्न झाल्यापासून पल्लवीच्या दारात एकही मुराळी आलेला नाही, दिवाळीला नाही, आखाजीलाही नाही. आता भाऊजींनी मुराळी होऊन यावं. रोहितला पाठवायचं नाही, गुडघ्याचं कारण सांगायचं नाही. टोपी घालून, फराळाचा डबा घेऊन, चारचौघं मुराळी जातात तसं. शेखरच्या पंक्तीला बसून त्याच्या घरचं जेवावं. तो वाढेल, तेव्हा 'पुरे' म्हणावं, 'नको' म्हणू नये. मग पल्लवीला एसटीनं घेऊन जावं, आणि नामपूरच्या स्टँडवरून घरापर्यंत बाजाराच्या रस्त्यानं, दिवसाढवळ्या, तिच्या बरोबरीनं चालत जावं. ज्या लोकांना मेलेली म्हणून सांगितलं, ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं मांडून बसलेले असतात.

बी तिच्या ओटीत असेल. ती पुढच्या दारानं घरात आली की बी घरात येईल. पाडव्यानंतर लगेच टाकलंत तरी रोप वेळेवर तयार होईल, हेही मी मोजूनच लिहिते आहे. त्यापुढे उशीर केलात तर पुढच्या साली हेही बी तुमच्या डब्यातल्यासारखंच होईल.

मी येणार नाही. माझं गाव आता हे. पल्लवी अजून नाहीच म्हणते आहे, पण काल तिनं शेखरला हळूच विचारलं की सटाण्याकडे जाणारी सकाळची गाडी कितीला असते. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आणि एक शेवटचं. पुढच्या खोलीत ह्यांची तसबीर आहे. पल्लवी उंबरा ओलांडेल तेव्हा भाऊजींनी तसबिरीसमोर उभं राहायचं. इकडे माझा फोन चालू असेल, तिकडे तू तुझा लावून हातात धरायचा. या खेपेला लागत नाही असं म्हणू नकोस. तीन दिवस ह्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर भाऊजींनी ह्यांना द्यायचं आहे, मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं, ह्यांच्याच बोलीत.

पल्ली उनी.

एवढेच दोन शब्द. मी फोन कानाला लावून बसले आहे.

पल्लवीची आई