आईच्या गाण्यात गिरणी कशी शिरली

टाकोराडी, सोमवार

तीर्थरूप एकोमामा,

कोबिनाचा टोपी काढून, वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? (डाव्याची विशेष चौकशी केली आहे, असं त्याला सांगा.) मामींचा खोकला गेला का? अनोमाबोला मासळी लागते आहे, की नुसत्या होड्या रंगवणं चाललं आहे? इकडे सगळं ठीक. सिमेंटच्या ब्लॉकांचा कारखाना वाढतो आहे, माझं पोटही वाढतं आहे, आणि बायको म्हणते की दोहोंपैकी एकाला तरी मी आवर घालावा.

कुटुंबाच्या बैठकीला तुम्ही गुडघ्यांमुळे आला नाहीत. आला असतात तर मला वेळीच खाली बसवलं असतंत. आईला जाऊन वर्ष होईल त्या शनिवारी, प्रार्थनेनंतर जेवणाच्या मंडपात काय वाजवायचं, हा विषय निघाला. धाकटी मावशी म्हणाली, “लाऊडस्पीकरवाला लावेल ते लावेल.” झालं, माझ्या अंगात आलं. मी उठून जाहीर केलं की आईच्या लग्नात तुम्ही गायलेलं, तुमच्या बँडनं वाजवलेलं ते नवरीच्या होडीचं गाणं मी नव्यानं रेकॉर्ड करून आणीन, आणि गाईनही मीच. बैठकीत शांतता पसरली. तिला मी संमती समजलो.

तुम्हाला आठवत असेल, सोळाव्या वर्षी मी तुमच्या बँडसमोर गायला उभा राहिलो होतो. अर्धं कडवं ऐकून तुम्ही म्हणालात, “कोबिना, तुझे कान फार चांगले आहेत रे. त्यांचे असे हाल करू नकोस.” दुसऱ्या दिवसापासून मी सिमेंटची पोती उचलायला लागलो. त्या एका वाक्यावर आज माझे दोन ट्रक उभे आहेत, तेव्हा तक्रार नाही. कान अजून तसेच आहेत. ब्लॉकवर टिचकी मारली की कच्चा की पक्का ते सांगतो. स्वतःच्या गळ्यावर मात्र टिचकी मारून बघायची सोय देवानं ठेवलेली नाही.

आता माझा बँड कुठला, म्हणाल. बँडमध्ये माझ्याखेरीज दोघं, आणि त्या दोघांना मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. फोनवर घरगुती वादकांचा एक ग्रुप आहे, तिथली ओळख. आतो टेमाच्या बंदरात कारकून आहे, बायको बाजारात गेली की बास गिटार वाजवतो. (गाणं लांबलं, तर ती लवकर परतली नाही असं समजायचं.) मेन्सिमाबाई कोफोरिडुआच्या शाळेत संगीत शिकवतात. ढोल आणि घंटा त्यांची, आणि सगळ्यांचे तुकडे संगणकावर एकावर एक रचायचं कामही त्यांचंच. म्हणजे ब्लॉक आम्ही पाडायचे, भिंत त्यांनी बांधायची. पद्धत अशी की एकानं आधी गिटारवर कच्चं गाणं गाऊन पाठवायचं, आणि बाकीच्यांनी ते कानात लावून आपापल्या घरी आपला भाग वाजवायचा.

कच्चं गाणं मी पाठवलं. घराशेजारी चर्चच्या गायकांची तालीम असते, म्हणून कारखान्याच्या कचेरीत दार लावून गायलो. (खिडकीला काच नाही, हे मी चौदा वर्षं रोज बघतो आहे.) खिडकीपलीकडे बेन्त्सिवाबाईंची गिरणी. केंकेच्या उंड्यांसाठी भिजवलेला मका दळायला निम्मा बाजार तिथे. त्या गिरणीच्या पट्ट्याला एक सांधा आहे, तो दर फेऱ्याला ठक्क करतो. चौदा वर्षं ऐकून ऐकून मला तो ऐकू येईनासा झाला आहे.

तीन दिवसांत मेन्सिमाबाईंचा फोन. “कोबिनाभाऊ, लय काय धरलीये तुम्ही. तो ठेका कशानं दिलात?” माणसानं खरं बोलावं हे मला मान्य आहे. पण गाण्याबद्दल माझी स्तुती होण्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ. मी म्हणालो, पायानं. मग आतोचा निरोप आला: “दुसऱ्या कडव्यात तुम्ही लय जराशी सैल सोडता ना, तिथं डोळे भरून आले हो. आईची आठवण आली असणार.” मी म्हणालो, असणार. (कुणाचा तरी मका नीट भिजला नव्हता, म्हणून गिरणी अडखळली होती.)

खोटेपणाची शिक्षा आठवड्यात मिळाली. मेन्सिमाबाई म्हणाल्या की आम्ही दोघंही तुमच्या पायावर वाजवलंय, गाण्याचा कणा तोच आहे, तर तेवढा पाय एकटा, स्वच्छ वाजवून पाठवा. मी दोन दिवस फळीवर बूट आपटले. पाय चर्चला उशीर झाल्यासारखा धावे. शेवटी फोन घेऊन गिरणीत गेलो.

“काय शेठ, दळण कुठंय?” बेन्त्सिवाबाई.

“दळण नाही. गिरणीचा आवाज घ्यायचाय.”

“तो तर रोज फुकट घेताय की.”

रांगेतली एक म्हणाली, “घेऊ दे गं बाई. तेवढा वेळ गाणार तरी नाहीत.” तेव्हा कळलं की खिडकी दोन्हीकडून उघडी असते.

आवाज घेतला आणि परत न ऐकता पाठवला. (एवढ्या चांगल्या कानांचा माणूस मी.) त्यात मधोमध बेन्त्सिवाबाई स्पष्ट ऐकू येतात: “ओ ब्लॉकवाले, पट्ट्यापासून लांब व्हा, पँट जाईल.”

मेन्सिमाबाई बराच वेळ हसल्या. म्हणाल्या, “राहू द्या तुमचा पाय, आपण गिरणीच ठेवू. फक्त...” आणि नापास मुलाच्या बापाशी बोलताना थांबतात तशा थांबल्या. “फक्त आवाजाचं बघायला हवं. तुम्ही सुराच्या जरा वर राहता, भाऊ. आम्हाला तिथवर येता येत नाही.” आतोनं माझी बाजू घेतली. म्हणाला, दोन-तीनदा ऐकलं की सवय होते.

तर सध्या बास, ढोल, घंटा, गिटार आणि गिरणी तयार आहेत. बारा दिवस उरलेत, आणि गाणाऱ्याची जागा रिकामी आहे. बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
कोबिना

ता. क. बुधवारी माझी लेक एसी सुक्या मासळीची टोपली आणि यामचे चार मोठे कंद घेऊन तुमच्याकडे येते आहे. त्यामागे काही हेतू नाही.

ता. क. दुसरा: तिच्याजवळ फोन असेल, त्यात आमचं सगळं वाजवणं आहे. ती कानात लावून देईल, तेव्हा नको म्हणू नका. बहिणीला पुरल्यापासून तुम्ही प्रार्थनेतसुद्धा तोंड उघडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी एकदा गा.

ता. क. तिसरा: कार्यक्रमाची पत्रिका छापून आली आहे. गायक म्हणून तीत तुमचं नाव आहे. रागावण्याआधी ऐका. ती मी बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी छापायला टाकली होती, कच्चं गाणं पाठवण्याच्याही आधी. त्यानंतर महिनाभर गात राहिलो, ते कुणीतरी “तूच गा” म्हणेल म्हणून. आई असती तर म्हणाली असती. पत्रिकेत माझं नाव शेवटच्या पानावर आहे, ‘मंडप व खुर्च्या’ याखाली.