करंगळी मिटायच्या आत

३ डिसें. ०३

मंचरला डॉक्टरांकडे जाऊन आलो. डावी करंगळी सरळ होत नाही, आता शेजारचं बोटही तळव्याकडे ओढायला लागलंय. डॉक्टरांनी हात टेबलावर पालथा ठेवायला लावला. सपाट बसेना. खालून पेन घातलं, आरपार गेलं. म्हणाले, तळव्याच्या आत आखडत चाललंय, हळूहळू मिटत जाणार.

"किती दिवसांत?"

"ते कसं सांगू बाबा. सहा महिने, वर्ष. जितका उशीर कराल तितकं कमी उघडंल."

पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. कापून मोकळं करतात. मग तीन-चार महिने हात बांधलेला. पहिल्यासारखी बोटं चालतील का, विचारलं. "जेवता येईल, कामं करता येतील." वाजवायचं मी काढलंच नाही.

चिठ्ठी ट्रंकेत ठेवली. सौ.ला सांगितलं, गोळ्या दिल्यात. एस.टी.त पिशवी विसरली असं वाटून दोनदा उठलो. मांडीवरच होती.

५ डिसें.

सकाळपासून डोक्यात एकच. तीस वर्षं तमाशाच्या फडात गिटार वाजवली. पुढं ढोलकी, बँजो, पेटी, सगळ्यांच्या मागं मी. लोकांनी बाई पाहिली, ढोलकी ऐकली. माझं एकट्याचं वाजवणं कुणी ऐकलं नाही. सौ.नं तर मुळीच नाही. घरची बाई तमाशाला जात नाही, आणि गिटार फडमालकाची, ती फडाच्या ट्रकमधून घराकडं यायची नाही. लग्नाला बेचाळीस वर्षं.

त्याच्याआधी मुंबईला होतो, एका क्लबात ग्लास धुवायला. तिथले गोव्याचे मास्तर दुपारी रिकाम्या हॉलात एकटेच वाजवत बसायचे. अंगठ्यानं खर्ज, मधल्या बोटांनी भरणा, आणि वर गाणं. तिन्ही एकाच माणसाचं. जाझ म्हणायचे. त्यांनी त्यांची स्वतःची एक चाल मला शिकवली. तिला नाव नव्हतं. माझ्या हातात ती अजून आहे. वरचं गाणं सगळं डाव्या करंगळीवर.

बोट मिटायच्या आत हिला एकदा ती अख्खी ऐकवायची. बाकी काही नको.

६ डिसें. शनिवार

नारायणगावचा बाजार. मेथी घ्यायची राहिली, बोलणी बसणार. बबनकडं बसलो. तो लग्नांना आणि फडांना लाऊडस्पीकर देतो, दुरुस्तीही करतो. फडातला जुना माणूस म्हणून मला मानतो.

"तात्या, काठी घ्यायच्या वयात गिटार?"

अडचण सांगितली. बोटात जोर नाही, म्हणजे तारा मानेवरच्या पट्टीला लागून पाहिजेत, अलगद दाबलं तरी बोललं पाहिजे. अलगद वाजवलेलं हिला ऐकू जायचं नाही, चार वर्षं झाली कान जड आहेत. म्हणजे वायरीची गिटार पाहिजे आणि आवाज वाढवायचं मशीनही पाहिजे. पण ओरडणारं मशीन नको. मास्तरांचा आवाज मऊ होता.

"मऊ आवाजाचं मशीन!" बबन गिऱ्हाइकांना म्हणाला. "आमच्याकडं लोक येत्यात ते दोन गावं जागी झाली पायजेत म्हनून!"

दुकानातले सगळे हसले. मीपण हसलो. यायला उशीर झाला.

१० डिसें.

पुणे. वाद्यांच्या दुकानात तासभर. विकणारा मुलगा म्हणाला, "काका, नातवासाठी?" हो म्हणून टाकलं. नंतर फार वाईट वाटलं.

दोन पाहिल्या. एक चायनाची, भरीव, लाल भडक. खांद्याला पाटा बांधल्यासारखं वजन. पण पट्टी बारीक, तारा अगदी खाली. करंगळीसुद्धा चालली. दुसरी कलकत्त्याची, पोकळ, पोटावर दोन लांबट भोकं. तारा उंच, मान जाड. भाव जवळपास तोच.

मुलगा चांगला. "खरं सांगू का काका? ही पोकळ दिसायला छान आहे, पण मान कच्ची असते. चायनाची घ्या."

मास्तरांची अशीच होती. पोकळ, भोकांची.

पोकळ घेतली. बोटाचं ऐकायचं सोडून डोळ्याचं ऐकलं. आणि मास्तर लावायचे तशा जाड, गुळगुळीत तारा घेतल्या. बोट सरकलं की चरचर होत नाही. तिथलं छोटं मशीनही ऐकलं, तळहाताएवढा स्पीकर. खर्जाची तार छेडली की पत्र्यावर बोरं सांडल्यासारखं. ते नाही घेतलं.

राजगुरुनगरपर्यंत उभ्यानं आलो. गिटारीला सीट मिळाली.

११ डिसें.

सौ. "ह्ये काय आनलं?"

"गिटार."

"परत फडात चालला व्हय?"

"नाही. तुला ऐकवायला."

"मला?" मग भांडी घासता घासता, "आन इतकी वर्सं कुनाला ऐकवत व्हता?"

स्टोव्हच्या तेलाचं विचारून विषय बदलला.

२१ डिसें.

बबन मशीन घेऊन आला. लग्नाच्या मांडवातलं, बॅटरीवर पण चालतं, पण बॅटरी त्याच्याकडं शिल्लक नाही. आधी हौसेनं भोंगा जोडला. मी एकच सूर धरला, तर खालच्या आळीतले दोघं टोपी सावरत आले. "कोन गेलं?" आमच्याकडं भोंगा वाजला की माणसं तेवढंच विचारतात.

मग बबननं फळ्यांचा खोका आणला. त्यात एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा मोठा स्पीकर बसवलेला. तिखट आवाजाचं बटण शून्यावर, जाड आवाजाचं अर्ध्यावर. आणि आला. गोल, ओल्या माठावर बोट मारावं तसा. बबननं बटणावरचा हात काढून घेतला.

मग मशीन केकाटायला लागलं. पोकळ गिटार खोक्याजवळ नेली की शिट्टी मारते. लांब बसा म्हणाला. दहा फुटांची खोली, लांब कुठं बसू? ओट्यावर बसलो तर कुत्री येतात.

सौ. बघत होती. "उशी कशी भरत्यात?" म्हणाली, आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या उलथन्याच्या दांडीनं भोकातून आत कोंबत बसली. पंधरा मिनिटं. केकाटणं बंद. आवाज उलट आणखी बसका झाला, मास्तरांच्या जवळ गेला.

"दुकानदाराला कळत न्हाई व्हय एवढं?"

मला बरं वाटलं. पण करंगळी दुखते. उंच तारा दाबायला दम लागतो.

२ जाने. ०४

काय दैव आहे. या आठवड्यात लाईट दहा ते चार. लाईट आली की सौ. मोटार चालू करायला पळते, वाफ्यावर वाफा फिरवत चारपर्यंत कांद्यात. ती घरात पाय टाकते आणि लाईट जाते. पुढच्या आठवड्यात लाईट रात्रीची, तेव्हा तर ती टॉर्च घेऊन शेतातच.

म्हणजे मशीन चालतं तेव्हा ती नाही, आणि ती असते तेव्हा मशीन मुकं. रोज एकटाच वाजवतो. समोर खोका आणि मांजर.

"एक दिवस पाणी राहू दे," म्हणालो.

"कांदा जळंल. तुमची गानी जळत न्हाईत."

खोटं नाही ते. पण जळतातही.

१५ जाने.

संक्रांत. मुलगा दत्ता आळेफाट्याहून आला. त्याचं तिथं ट्रकचं गॅरेज. तीळगूळ घ्यायला ओंजळ केली आणि डावा हात उघडेना. दोन तिळाच्या वड्या खाली पडल्या. त्यानं पाहिलं.

"आबा, हात दाखवा." मग सगळं निघालं. ट्रंकेतली चिठ्ठी, सगळंच.

सौ.नं गोळ्यांची पुडी कुठं आहे, एवढंच विचारलं. गोळ्या नव्हत्याच.

दत्ता म्हणाला, "आधी आपरेशन. गिटार कुटं पळून चालली का?"

"गिटार नाही. बोट चाललंय."

"मंग तेच तर म्हनतोय मी!"

त्याचं बरोबर आहे. माझंही आहे. दोघंही मोठ्यानं बोललो, सणाच्या दिवशी. शेवटी जाताना म्हणाला, ट्रकची एक बॅटरी पाठवतो, त्यावर वाजवा, आईला ऐकवा आणि मोकळे व्हा. चांगला आहे पोरगा. मला त्याच्याशी नीट बोलता येत नाही.

२५ जाने.

बॅटरी आली. बबननं जोडून दिली, लाल लालला, काळी काळ्याला. मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. आता लाईटची गरज नाही.

सौ.ला उद्या दुपारचं सांगितलंय. ती म्हणाली, बरं.

संध्याकाळी गिटारीच्या मूळच्या तारा काढून मास्तरांसारख्या जाड तारा चढवल्या, सुरात लावल्या. छान लागल्या, खणखणीत. गिटार भिंतीला टेकवून ठेवली. उंदीर येतील म्हणून वर चादर.

२६ जाने.

मान गेली.

सकाळी चादर काढली तर मान बुडातून उचकटलेली, फटीत बोट जाईल एवढी. तारा पट्टीपासून वीतभर वाटतात.

चूक माझी. फडात बाईची पट्टी उंच, तिच्या गळ्याला जमावं म्हणून आम्ही सगळ्या तारा वर ओढून ठेवायचो. तीस वर्षं कान तिथंच मुरलेला. काल हात आपोआप वर वर गेला, कानाला खाली चैनच पडेना. फडात तारा बारीक असायच्या, म्हणून निभायचं. मास्तर खाली लावायचे. मला माहीत होतं. दुकानदारानं मान कच्ची आहे म्हणून सांगितलेलं, तेही माहीत होतं.

दुपारी सौ. शेतातून आली. हातपाय धुतले, धुतलेलं लुगडं नेसली, डोक्यावर पदर घेऊन पाटावर येऊन बसली. तिला सकाळी सांगायचं धाडस झालं नव्हतं.

"वाजवा की."

चादर बाजूला केली.

तिनं मानेच्या फटीत बोट घालून पाहिलं. "म्हंजी आज न्हाई?"

"नाही."

उठली. लुगडं बदललं.

८ फेब्रु.

सुतारानं मानेला स्क्रू मारला, सरस भरला. "तात्या, नांगर पेलंल आता." मान नांगर पेलेल, पण वाकडी बसलीय. तारा उंचच. सगळ्या ढिल्या केल्या तरी करंगळीनं दाबत नाही.

तीन बोटांवर चाल बसवून पाहिली. खर्ज येतो, भरणा येतो. वर गाणं तुटतं. गाण्याशिवाय ती चाल म्हणजे नुसती पालखी, आत देव नाही. चार दिवस करून पाहिलं. मग अंगठाही दुखायला लागला. तो नवीनच आजार का काय कोण जाणे.

१४ फेब्रु.

बबनकडं. म्हणाला, चायनाचीच घ्यायला पाहिजे होती. सगळे आता हेच म्हणतात. चायनाची घेतली तर बोट अजून वीस-पंचवीस दिवस चालेल असं मला वाटतं. सकाळी उन्हात बसलं की जरा सुटतं.

करंगळी आता तांब्यात हात घालताना काठाला अडकते.

२२ फेब्रु.

दत्ता आला. आपरेशनचे पैसे माझ्या हातात दिले. "आबा, हे दवाखान्याचेच हायेत." मी मान हलवली. इतक्यात एवढे परत जमायचे नाहीत, हे त्यालाही माहीत आणि मलाही.

सौ.ला आज चुलीपाशी तीन हाका मारल्या, तिसऱ्या हाकेला वळली. तिचंही थांबत नाहीये.

दवाखान्यात गेलो तर हात वाचेल, जेवायला, पाणी प्यायला. दुकानात गेलो तर एक दुपार मिळेल. कदाचित. चाल विसरायला झाली नसेल तर, लाल गिटार खांद्याला पेलली तर, बॅटरी उतरली नसेल तर, ती त्या दिवशी ऐकू शकली तर. किती 'तर' झाले ते मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

ज्याला विचारावं तो दवाखाना म्हणतो. मी विचारलं असतं तर मास्तर काय म्हणाले असते? ते हसले असते फक्त. त्यांचे हात चांगले होते.

२९ फेब्रु.

उद्या पहिल्या एस.टी.नं पुणे. दवाखाना उघडा, दुकानही उघडं. पैसे आतल्या खिशात, वर सेफ्टी पिन. पिन टोचते. काढून पुन्हा लावली.

दत्ताला निरोप गेलाय की आबा उद्या जातात. कुठं, ते निरोपात नाही. तो समजायचं ते समजला असेल.

दिवस मावळताना सौ. चुलीपाशी पीठ मळत होती. मी जवळ जाऊन बसलो, तिच्या बऱ्या कानाच्या बाजूला.

"उद्याच्या भाकरी किती बांधू?" म्हणाली. "एका येळच्या, का चार दिसाच्या?"

मी चुलीत काटकी सरकवली. ऐकू गेलं नसेल असं वाटून तिनं पुन्हा विचारलं. तिचे कान जड झाल्यापासून तिला वाटतं, दुसऱ्यालाही ऐकू येत नाही.

"अवं, मुक्कामाला चालला का माघारी येनार, तेवढं तरी सांगा. पीठ किती घ्यू मी?"

"बघू."

"बघू म्हंजी किती?"

परात तशीच आहे. तवा तापून वर धूर यायला लागलाय. ती माझ्याकडं बघत बसलीय आणि मी हे लिहितोय.