डाव्या हाताची जागा

११ जानेवारी २०२४

संपलं! नागपूरच्या डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं. बोटं धडधाकट आहेत, पण ड्रमची काठी धरली की मेंदूचा हुकूम चुकतो, डावी मूठ आपोआप आवळते. जेवताना नाही, गाडी चालवताना नाही — फक्त वाजवताना. औषध नाही.

सोळाव्या वर्षी बल्लारपूरच्या रेल्वेवाल्यांच्या हॉलमध्ये पहिल्यांदा वाजवलं. मग आमचा बँड, ‘ओपनकास्ट’. चौदा वर्षं, दोन अल्बम, वीस-वीस मिनिटांची गाणी. लोक म्हणायचे, हे काय गाणं आहे का! आम्ही म्हणायचो, प्रोग्रेसिव्ह रॉक.

१४ जानेवारी

बायको, रंजीता, म्हणाली, “रडून घ्या ना. घरात मीच तर आहो.” नाही आलं रडू.

२ फेब्रुवारी

गोपाल आला. गिटार त्याची, बँडही त्याचाच म्हणायचा. एप्रिलात बंगलोरचा कार्यक्रम. पुनम नावाची मुलगी आहे म्हणे, चंद्रपुरात पोरांना ड्रम शिकवते. “दिनेश, तुह्या पद्धतीनं तयार कर तिले. जमलं का नाई, तूच सांग. तुह्या शब्दाबाहेर मी नाई.”

जिवावर आलं. हो म्हटलं.

११ फेब्रुवारी

पुनम आली. चोवीसची असेल. वडील सिंदेवाहीकडे धान करतात.

माझी पद्धत सांगितली. गिटार सात मात्रांच्या चक्रात, मी खालून चार मात्रांच्या. ऐकणाऱ्याला वाटतं, आता कोसळणार! अठ्ठाविसाव्या मात्रेला दोघं भेटतात — तिथंही जोर द्यायचा नाही. मधल्या जागा डाव्या हातानं भरायच्या, अगदी हळू.

“भाऊ, डावा हात तर ऐकूच येत नाई. मंग काऊन वाजवता?”

“काढून पाह्य.”

डाव्या हाताशिवाय वाजवलं. थांबली. म्हणाली, “गाणं मेलं.”

हे गोपालला चौदा वर्षांत कळलं नाही.

३ मार्च

आज तिनं वीस मिनिटं सलग वाजवलं. एक चूक नाही. डावा हात माझ्याहून हलका.

ती गेल्यावर रंजीता स्वयंपाकघरातून आली, चेहरा फुललेला. “तुमी वाजवून राह्यले होते काय?”

४ मार्च

गोपालचा फोन. “जमलं काय तिले?”

“नाई. सातात अडकते. स्टेजवर गडबड करन.”

“पक्का?”

“पक्का.”

काऊन म्हटलं मी असं?

१९ मार्च

पुण्याचा कोणीतरी घेतला. गोपालनं त्याची क्लिप पाठवली. नुसता आपटतो! डावा हात तर जसा काही नाहीच.

खरं सांगायला तीनदा फोन उचलला. तीनदा ठेवला.

२ एप्रिल

पुनमचा फोन. क्लास सोडला म्हणाली, गावी चालली. “त्यायनं नाई घेतलं, जाऊ द्या. तुमी भांडले असान ना भाऊ, माह्यासाठी?”

मी म्हटलं, “हो.”