वहीतली भाकरी

कराड,
रविवार, ९ नोव्हेंबर, दुपार

ती. क्रांती वहिनींना,

नमस्कार. माहेरी गेल्यापासून माझा नंबर तुम्ही ब्लॉक केलाय, म्हणून हे पोस्टानं. फाडायचं असेल तर वाचून फाडा.

माझं सगळं बदललं ते चोवीस जूनला, सकाळी अकराच्या सुमारास, सांगलीत. तुम्हाला अंगणवाडीची रजा नव्हती, म्हणून शिवांजलीला दवाखान्यात मी घेऊन गेलो होतो. तिथल्या आहारतज्ज्ञ कस्तुरी मॅडमनी तिच्या वेण्या बाजूला केल्या, मानेवरच्या काळ्या घडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा मळ नाही, बाळा. आजपासून कुणाला घासू देऊ नकोस."

वहिनी, ती मान आपल्या घरानं दोन वर्षं वजरीनं घासली. "येवढी घोडी झाली, आंघूळ धड करंना," म्हणत आई घासायची, शिवांजली रडायची, आणि मी शेजारच्या खोलीत मोबाईल बघत पडलेला असायचो. ती घडी वाढत्या वजनाची खूण आहे, साबणानं जाणारी नव्हे, हे कळायला आपल्याला सांगलीला जावं लागलं. परत येताना इस्लामपूरच्या स्टँडवर पोरीनं मला केस वर बांधायला लावले. शाळेत गोणी म्हणतात म्हणून कायम मान झाकून बसणारी आपली शिवांजली, त्या दिवशी कराडपर्यंत मान उघडी टाकून खिडकीत बसली.

आणि मी त्या बोटापाशीच राहिलो. याहून जास्त लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या. कॉलेज सोडून घरी बसलेल्या, उठसूट भांडणाऱ्या माणसाशीही कस्तुरी मॅडम नीट बोलल्या, एवढंच.

इकडची खुशाली. आई बरी आहे, पण जेवायला वाढताना अजून चार ताटं घेते आणि दोन परत ठेवते. म्हैस व्याली, रेडी झाली. शिवांजलीला सांगा, नाव तिनं ठेवायचंय, तोवर आम्ही नुसतं 'ए' म्हणतो. दादाचा परवा नोकरीवरून फोन आला. म्हणाला, तुम्ही रजा वाढवलीय, पोरीला तिकडं माहेरी जतच्याच शाळेत घालणार आणि सांगलीचं सगळं बंद करणार. ऐकून डोकं फिरलं. मोबाईल भिंतीवर मारला. काच गेली, भिंतीला काही झालं नाही.

सांगली बंद करू नका, वहिनी. एवढंच मागायला हे पत्र लिहितोय.

तुमचं म्हणणं, मॅडमच्या कागदाप्रमाणं सगळं करूनही पोरगी शाळेच्या मैदानात चक्कर येऊन पडली, म्हणजे कागदच चुकीचा. पण कागदावर काय होतं ते आठवा. साखर, बिस्किटं, मैदा, बाटलीतली पेयं बंद. भात वाटीभर. दोन्ही वेळेला ज्वारीची एकेक भाकरी, आणि उसळ, अंडी, दही, पालेभाजी पोटभर. मॅडम तेव्हाच म्हणाल्या होत्या, "लहान मुलांचे कार्ब, म्हणजे पीठ-साखर, कमी करायचे असतात, तोडायचे नसतात. ती वाढतेय अजून. आणि आम्हाला विचारल्याशिवाय कागदात बदल नको."

चूक घरातच होती. पहिल्या महिन्यात वजन उतरायच्या ऐवजी अर्धा किलो चढलं, आठवतं? त्याचं कारण मला आता सापडलंय. फडताळातला साबुदाण्याचा डबा. आईनं शिवांजलीला सांगितलं होतं, "माझ्यासंगं उपास धर, बघ कशी काटकी हुतीस." मग सोमवार, गुरुवार, शनिवार दोघींचा उपास. ताटभर खिचडी, वर रताळ्याच्या गोड फोडी, संध्याकाळी शेंगदाण्याचा लाडू. मॅडमनी मला विचारलं होतं, "उपवासाला काय खाते?" मी छाती काढून म्हटलं, "उपासाला काय खाणार? उपास असतो." त्या हसल्या. म्हणाल्या, "तेच लिहून आणा पुढच्या वेळी." मी नुसतं हसणं घेऊन आलो. साबुदाणा दुकानातून मीच आणत होतो, वहिनी, आणि तो खाण्यात धरायचा असतो हे मला एकदाही सुचलं नाही. परवा आईला विचारलं तर ती माझ्यावरच उखडली, "उपासाचं कुठं मोजत्यात व्हय रं?"

तेव्हा दोष साबुदाण्याचा. मॅडमचा नाही. आता तरी विचार करा.

तुमचा,
जयराज

सोमवार, १० नोव्हेंबर, पहाट उजाडताना

वहिनी, काल पाकीट चिकटवलं होतं. ते फाडून पुन्हा लिहायला बसलोय. साबुदाण्यानं वजन वाढतं. साबुदाण्यानं पोरगी मैदानात पडत नाही. हे तुम्हीही वाचता वाचता म्हणाला असाल.

ती पडली ती ऑक्टोबरातल्या शुक्रवारी. उपासाचा वार नव्हता.

वजन चढल्यावर मला मॅडमपुढं उभं राहायची लाज वाटली. त्या उलट म्हणाल्या, "घाई नाही. वजन इथंच थांबलं तरी उंची वाढतेय तिची." पण मला घाई होती. मला त्यांच्या तोंडून शाबासकी हवी होती. मोबाईलवर एक पिळदार दंडाचा माणूस सांगत होता, धान्य बंद करा, नव्वद दिवसांत बघा. तो मोठ्या माणसांना सांगत होता. मी ते अकरा वर्षांच्या पोरीला लावलं.

तुम्ही अंगणवाडीत, आई गोठ्यात. ताट मीच वाढायचो, रात्रीचंही तुम्ही चुलीशी असताना, सगळ्यांच्या आधी. जुलैच्या शेवटापासून मी तिची भाकरी बंद केली, वहिनी. दोन्ही वेळची. भातही. सोमवार-गुरुवार-शनिवारी आईची खिचडी आणि बाकीचे दिवस अंडं, काकडी, ताक. आणि रोजच्या खाण्याची ती वही, तुम्ही दर रविवारी बघून सही करायचा ती, तिच्यात मी रोज लिहायचो, 'सकाळी १ भाकरी, रात्री १ भाकरी.'

वजन उतरलं. सप्टेंबरात मॅडम काट्याकडं बघून म्हणाल्या, "छान हं, जयराज." ते दोन शब्द मी सांगली ते कराड चघळत आलो. शेजारच्या सीटवर शिवांजली उपाशी बसली होती.

शाळेतून फोन आला म्हणून मी धावत गेलो, तर ती ऑफिसात बाकावर बसली होती, बाईंनी साखर-मिठाचं पाणी पाजलं होतं. ओठ पांढरे. मला जवळ ओढून कानात म्हणाली, "काका, आईला मी भाकरी खाल्ली असंच सांगीन. तू वहीत लिवलंयस न्हवं?"

तिला ठाऊक होतं. ती रोज वही बघत होती. तुम्ही तिला विचारलंत, डॉक्टरांनी विचारलं, दादानं फोनवर विचारलं, आणि ती प्रत्येकाला भाकरी खाल्ली म्हणाली. मला वाचवायला. तुम्हाला वाटलं, पोरीला खोटं येत नाही. नव्हतंच येत. मी शिकवलं.

कॉलेज मी का सोडलं? सरांनी खोटा आळ घेतला म्हणून, असं सगळ्या गावाला सांगितलंय, तुम्हालाही. त्या वेळी तुम्ही एकट्याच माझ्या बाजूनं दादाशी भांडला होता. वहिनी, प्रॅक्टिकलच्या वहीतले आकडे मीच बसवले होते. लंबकाचे झोके मोजायचा कंटाळा. सर एवढंच म्हणाले, "जयराज, हे तू मोजलंस का रे?" मी वही त्यांच्या टेबलावर फाडली, प्रयोगशाळेचं दार आपटलं आणि निघून आलो. आपटलेल्या दाराचा आवाज मोठा येतो, त्यात माणूस खरा वाटतो. स्वतःलासुद्धा.

गेल्या आठवड्यात सांगलीला गेलो होतो. मॅडमना मनातलं सांगायचं ठरवून, इस्त्रीचा शर्ट घालून. दादानं त्यांना फोनवर काय काय सुनावलंय ते तिथं कळलं. त्या शिवांजलीची खाण्याची वही समोर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी परत परत हिशेब करतेय. दोन भाकऱ्या, भात, उसळ, इतकं खाऊन ती पडायला नको होती. माझं कुठं चुकलं ते सापडत नाही." मला विचारत होत्या, वहिनी. मला! मी म्हटलं, "जाऊ द्या मॅडम, होतं असं." आणि वही उचलून, शर्टाच्या घड्या तशाच घेऊन परत आलो.

म्हणून काल संध्याकाळी जुन्या वहीशेजारी नवी वही घेऊन बसलो. जुलैपासूनचे दिवस, आठवतील तेवढे, खरे लिहिलेत. आईलाही बसवलं, खिचडी तिनं सांगितली. जिथं आठवलं नाही तिथं 'आठवत नाही' लिहिलंय. भाकरीच्या रकान्यात पानामागून पान 'नाही'. आई बघत होती. शेवटी पदर तोंडाला लावून म्हणाली, "आन ती मला इचारायची, आज्जी, तुजी भाकरी कशी लागती गं?" मग उठून चुलीपुढं जाऊन बसली.

आठ-चाळीसची सांगली गाडी आहे. कराड स्टँडवर वहीच्या पानांची झेरॉक्स काढून या पाकिटात घालीन, पेटीत टाकीन आणि वही मॅडमपुढं ठेवीन. मनातलं ते आता मनातच. वही बघितल्यावर त्या माझ्याकडं कशा बघतील, ते मला ठाऊक आहे. बघू देत. पण शिवांजलीला तुम्ही स्वतः त्यांच्याकडं न्या. ताटापाशी मला फिरकू देऊ नका. आणि तिला एवढं सांगा, काकानं वहीत खरं लिहिलंय, आता तुला काही लपवायला नको. तिची मान कुणी घासत नाही ना, तेही बघा.

दादाला आज फोन करतो. फुटक्या काचेतून नंबर लागतो अजून.

आई गोठ्यात आहे. मी वही पिशवीत घालून बाहेर आलोय, या शेवटच्या ओळी उंबऱ्यापाशी उभ्यानं लिहितोय. एरवी या घराचं दार मी कधी आपटल्याशिवाय लावलं नाही, तुम्हाला माहीतच आहे. आज हातानं धरून, हळू लावून घेतो.

भावजी म्हणायचं की नाही, तुम्ही ठरवा.

जयराज