आईंच्या माथी मारलेली तंबाखू

मिलिंद,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. आपल्या सईला आज ते इंजेक्शन देऊन आणलं. गेल्या उन्हाळ्यात मला न विचारता तू कॅन्सल केलं होतंस, तेच. बाहेर तुझ्या आई माझी वाट बघताहेत. त्यांना तोंड देण्याआधी तुझ्याशी भांडून घ्यायचंय.

काय म्हणाला होतास, आठवतं? रेडिएशननं भाजलेल्या घशातून आवाज निघत नव्हता, तरी कुजबुजलास, "आपल्या घरातल्या मुलींना असलं काही लागत नाही." हे इंजेक्शन गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर टाळण्यासाठी. त्यानं घशाचा कॅन्सरही टळतो का, ते डॉक्टरांना अजून खात्रीनं सांगता येत नाही, पण व्हायरस तोच. तो घशात घेऊन असं बोलताना तुला काहीच वाटलं नाही?

मानेवर गाठ आली तेव्हा मी रोज तुझ्या मागे लागले होते. तू बायोप्सी पुढे ढकलत राहिलास. "मी साधी सुपारी खात नाही, मला कशाचा कॅन्सर?" ते खरंच होतं. इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, दिवाळीच्या जेवणात पानाचं तबक फिरलं की तुझं तंबाखूवरचं व्याख्यान सुरू व्हायचं. लोक तबक उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे.

मग डॉक्टरांनी व्हायरसचं नाव घेतलं. किती शांतपणे समजावलं त्यांनी. हा शरीरसंबंधातून येतो, खूप जणांना होतो, बहुतेकांचा आपोआप जातो, काहींच्या शरीरात वर्षानुवर्षं दडून बसतो. कुणाकडून, कधी आला ते कळत नाही. मी तुला एक शब्द विचारला नव्हता. गाडीत तूच म्हणालास, "लोकांना कळलं तर काय समजतील?" मी काय समजेन, याची चौकशी नाही! त्याच व्हायरससाठी माझी तपासणी होती त्या दिवशी तर पार्किंगमध्येच बसून राहिलास.

आणि चारचौघांत सांगितलंस काय, तर नागपूरच्या हॉस्टेलमध्ये तंबाखू चघळायचो. तू! तुझ्या शोकसभेत देशपांडेकाका डोळे पुसत म्हणाले, "म्हणूनच तो आम्हाला इतकं बोलायचा." मी मान खाली घालून बसले. सगळ्यांना वाटलं, रडतेय. मला तुझा राग आला होता.

लोकांचं जाऊ दे. आईंनी काय करायचं? तुझ्या वडिलांसाठी, अण्णांसाठी, तंबाखूची पुडी आणायला लहानपणी त्याच तुला वाण्याकडे धाडायच्या. आता जेवताना मध्येच घास खाली ठेवतात. "मीच लावली गं त्याला सवय." तू जिवंत असतानाही हे म्हणाल्या होत्या, तुझ्या उशाशी बसून. तू ऐकलंस आणि भिंतीकडे तोंड फिरवलंस. बाकी सगळं एखाद्या दिवशी विसरेन. हे नाही विसरणार.

आज गाडीत मी सईला सगळं सांगितलं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या आईंनी विचारलं, "कसलं गं इंजेक्शन?" सई म्हणाली, "आजी, इट्स फॉर द व्हायरस दॅट बाबा हॅड."

आई माझ्याकडे वळल्या. "व्हायरस? मग तंबाखू?"

कपडे बदलून येते, म्हणाले आणि इथे येऊन बसले. कोट अजून अंगावरच आहे.

आता उठते. सईचे उरलेले डोस वेळेवर देईन, हे वचन. आणि आईंना आत्ता सांगेन की तंबाखूचा काही संबंध नव्हता, तुमची काही चूक नव्हती. मग तुझ्याबद्दल त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. आज त्या पोटभर जेवल्या पाहिजेत.

वैशाली