पोटाशी धरलेली बॅटरी

चौकी, २ नोव्हेंबर

ती. ताईस, शि. सा. न.

मी ठणठणीत आहे. थंडी अशी की पेल्यातलं पाणी पिऊन होईपर्यंत त्यावर साय धरते, बर्फाची. तुमच्या तपासणी विभागाने वापरून बघायला दिलेले नवे वायरलेस संच आम्हाला फार आवडले. जुना संच निम्मा वेळ खरखरतो, उरलेला वेळ मौन पाळतो. नव्यांत एकही खोट नाही, असा रीतसर अहवाल मी पाठवलाय. रात्री नव्या संचाची बॅटरी स्वेटरच्या आत पोटाशी घेऊन झोपतो, म्हणून सगळे मला लेकुरवाळा म्हणतात. आता सगळ्या चौक्यांना हे संच पाठवायचं घोडं तुझ्या सहीसाठी अडवू नकोस. आईचा गुडघा कसा आहे?

लोभ कर, आणि सहीही कर.
तुझा घारू

घर, १४ नोव्हेंबर

चि. घारूस अनेक आशीर्वाद.

आईचा गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी आहे. तिच्या जेवणालाही तू कधी चांगलं म्हटलं नाहीस, आणि या यंत्रात एकही खोट नाही? मग बॅटरी पोटाशी कशाला? आमची थंडीची चाचणी घ्यायची खोली बंद पडली आहे, दुरुस्ती होईपर्यंत हिवाळा सरेल. त्यामुळे साहेब तुझ्याच अहवालावर विसंबलेत. खरं काय ते लिही. बहीण म्हणून विचारतेय की अधिकारी म्हणून, माझं मलाच कळेनासं झालंय.

तब्येतीला जप, लोभ आहेच.
ताई

चौकी, २५ नोव्हेंबर

ती. ताईस, शि. सा. न.

पकडलंस. बॅटरी गारठली की संच मुका होतो, अंगाच्या उबेत ठेवली की नीट चालतो. हे लिहिलं तर तुम्ही संच परत बोलवाल, या भीतीने लिहिलं नाही. तुम्ही दिलेले संच मोजकेच, म्हणून मागच्या आठवड्यात गस्तीवर जुनाच नेला होता, त्यावरून आमची हाक खाली पोचलीच नाही. पाय मोडलेल्या सोबत्याला पाठीवर घेऊन उतरलो, तो वाटभर माझी माफी मागत होता. आता तुला थांब म्हणू की पाठव म्हणू? इकडे आड, तिकडे विहीर.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
घारू

घर, ७ डिसेंबर

चि. घारूस अनेक आशीर्वाद.

साहेबांना सगळं सांगितलं. तुला ताकीद येईल, मुकाट्याने ऐकून घे. साहेब म्हणाले, थांबण्यातही धोका आहे आणि पाठवण्यातही, तुम्हीच ठरवा. मी सही केली. बॅटरी कपड्यांच्या आत अंगाशी ठेवावी, अशी चिठ्ठी प्रत्येक संचावर चिकटवून घेतली. संच निघाले आहेत. सकाळी वाटतं बरोबर केलं, संध्याकाळी वाटतं घोडचूक केली. जेवताना आई विचारते, कुठे हरवलीस, तर मी आमटी वाढ म्हणते.

संच पोचले की कळव. लोभ तर तुझ्या हक्काचाच.
ताई

चौकी, २१ डिसेंबर

ती. ताईस, शि. सा. न.

संच आले, पण चिठ्ठ्या आल्या नाहीत. थंडीत डिंक सुटला, सगळ्या गाडीच्या तळाशी पडल्या होत्या. आम्हाला बॅटरीचे नखरे ठाऊक आहेत. पलीकडच्या चौकीवरची माणसं मात्र नवी आहेत. नव्यांच्या बदल्यात त्यांचे जुने संच परत गेले, आणि कालपासून त्यांचा आवाज नाही. मी आणि एक सोबती पायी निघतोय, त्यांना सांगायला. चूक माझ्या अहवालाची, तुझ्या सहीची की डिंकाची, डोकं चालत नाही. आईला एवढंच सांग की बर्फ छान पडलाय.

लोभ सांभाळून ठेव, येऊन घेतो.
घारू

घर, ३ जानेवारी

चि. घारूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल हाती पडलं. तू केव्हाच निघाला असशील. चिठ्ठीऐवजी आता तीच सूचना लिहिलेली कापडी पट्टी संचाच्या पिशवीवर शिवून घेणार आहे. नमुन्याची पट्टी घरच्या फ्रीजमध्ये ठेवून बघितली. आईने विचारलं, बर्फात चिंधी कशाला? हीच चिंधी आधी सुचली असती तर!

साहेबांनी उरलेल्या चौक्यांसाठीच्या दुसऱ्या खेपेचा कागद पुढे ठेवला. भावाची खुशाली कळेपर्यंत सही करणार नाही, असं मी सांगितलं. त्यांनी कागद तिथेच ठेवला. मी दुपारभर त्याच्याकडे बघत बसले. तिथेही कुणाचा तरी घारू जुना संच कानाला लावून बसला असेल, हे मनातून जाईना. पट्टी शिवल्याशिवाय एकही संच हलणार नाही, असं लिहिलं आणि सही केली. बरोबर केलं का ते विचारायला मला तूच हवास.

पोचला असशील तर दोन ओळी लिही. लोभ इथे आहे, घ्यायला ये.
तुझी ताई